आठवण : पुरावा की अमानत?

१९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही कसब्याच्या मुस्लिम मोहल्ल्यात जा, अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. आणखी काही वर्षांनी तीही नसतील. त्यामुळे अलीकडे आपल्या समाजात एक चांगली हालचाल दिसू लागली आहे. शिकलेली मुले-मुली मोबाइल घेऊन आपल्या दादी-नानींसमोर, मोहल्ल्यातल्या बुजुर्गांसमोर बसतात आणि म्हणतात, ‘जुन्या गोष्टी सांगा.’ या हालचालीचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. मात्र तिच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही. दुसऱ्याच्या आयुष्याची आठवण आपण घेतो, तेव्हा नेमके काय घेतो? आणि ती घेण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो?

आधी या आठवणींत काय असते ते पाहू. आमच्या बुजुर्गांना सन फारसे आठवत नाहीत. त्यांचा काळ तीन-चार खुंट्यांवर टांगलेला असतो. पहिली खुंटी ‘पोलीस ॲक्शन’ची. दुसरी बहात्तरच्या दुष्काळाची, म्हणजे खडी फोडण्याच्या कामाची, सुकडीची आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोची. तिसरी किल्लारीच्या भूकंपाची, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची. ‘तुमचे लग्न कधी झाले?’ असे विचारले तर ‘दुष्काळाच्या आधी दोन साल’ असे उत्तर येते. त्यांच्या बोलण्यात हाली सिक्का असतो. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्यांना अजून तोंडपाठ असतो. मोमिनांच्या मागाचा आवाज असतो, पिंजाऱ्याच्या कमानीचा असतो. मन्यार कोणत्या गल्लीत बसायचे, मोहरमची सवारी कोणाच्या दारात थांबायची, उरुसात संदलापुढे हलगी कोण वाजवायचे, हे सारे असते. उर्दू शाळेतले मास्तर असतात आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर ज्या मराठीशी नव्याने जमवून घ्यावे लागले, ती कचेरीतली मराठीही असते.

हे कोणत्याही गॅझेटिअरमध्ये सापडत नाही. जुन्या खासरा पत्रकावरून जमीन कोणाच्या नावावर होती ते कळते. त्या जमिनीतल्या विहिरीचे पाणी कोणाला मिळत होते आणि कोणाला नाही, ते कळत नाही. म्हणून नोंद करायला हवी, याबद्दल आमचे दुमत नाही.

अडचण सुरू होते ती आपण कशासाठी ऐकतो या ठिकाणी. मराठी मुसलमानाच्या डोक्यावर गेली पाऊणशे वर्षे पुराव्याचे ओझे आहे. आम्ही इथलेच आहोत याचा पुरावा. आमची भाषा मराठी आहे याचा पुरावा. आमचे आजोबा रझाकार नव्हते याचा पुरावा. २०१९ साली आसामात नागरिकत्वाची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली, तेव्हा इथल्या मुस्लिम घरांतूनही पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. निकाहनामे, शाळेचे दाखले, जुन्या खरेदीखतांचे उर्दू कागद शोधले गेले. अशा दिवसांत आपण बुजुर्गांपुढे बसतो, तेव्हा कान ऐकत असतात. पण मन वकिलाचे झालेले असते.

वकिलाच्या मनाला हवे तेच सापडते. प्रश्नच असा येतो : ‘त्या काळी हिंदू-मुस्लिम किती गुण्यागोविंदाने राहत होते, नाही का?’ उत्तर प्रश्नातच भरून दिलेले असते. म्हातारा माणूस शहाणा असतो. समोरच्या पोराला काय हवे ते त्याला दोन मिनिटांत कळते. तो म्हणतो, ‘हां बेटा, सब अपनेच लोगां थे.’ हे खोटे असते असे नाही. पण ते सबंधही नसते. उद्या दुसरा कोणी येऊन ‘तुमच्यावर किती अन्याय झाला?’ असे विचारील, तर त्यालाही तो निराश करणार नाही. एकाच आयुष्यातून भाईचाऱ्याची एक फाईल तयार होते आणि जुलमाची दुसरी. दोन्ही फायलींत तो माणूस मात्र नसतो.

इथे साक्ष आणि आठवण यांतला फरक समजून घ्यायला हवा. साक्षीला इस्लामी परंपरेत फार मोठे स्थान आहे. सूरह बकरामधली कुरआनची सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदाराने बोलावले असता नकार देऊ नये, लिहिणाऱ्याला किंवा साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये, इतका बारीक विचार तिथे आहे. साक्ष निवाड्यासाठी असते. वाद असतो, दोन पक्ष असतात, आणि साक्षीदाराने विचारलेल्या मुद्द्यापुरते बोलायचे असते. आठवणीचे तसे नाही. तिला कोणी वादासाठी बोलावलेले नसते. ती एका माणसाचे जगणे असते, आणि जगण्यात परस्परविरोधी गोष्टी शेजारी शेजारी नांदतात. ज्या शेजाऱ्याने घर लुटताना पाहिले आणि मान फिरवली, त्याच शेजाऱ्याने वर्षभराने मुलीच्या लग्नाला धान्याची पोती पाठवली, असे आठवणीत असू शकते. निवाड्याला अशी आठवण गैरसोयीची वाटते. माणसाला ती जपावीशी वाटते.

आता सर्वांत अवघड जागेकडे येऊ. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची राजवट संपली. मराठवाड्यात हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. निजामाची राजवट ही काही रयतेची राजवट नव्हती. लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांतून जे अत्याचार केले ते झाकून ठेवण्यासारखे नाहीत. त्यांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला, तो भारतात विलीन व्हावे असे लिहिल्यामुळेच.

पण त्या सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत जे घडले तेही तितकेच खरे आहे. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानभर फिरले. १६ पैकी ९ जिल्हे त्यांनी पाहिले. न पाहिलेल्या शंभरावर गावांतली पाचशेहून अधिक माणसे येऊन त्यांच्याशी बोलली. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि नांदेड हे आपले दोन होते. बिदर आणि गुलबर्गा हे उरलेले दोन. स्त्रियांच्या अपहरणाचीही त्यात नोंद आहे. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना जिवावर उदार होऊन वाचवले, आणि पळवून नेलेल्या स्त्रिया परत आणण्यासाठी अनेक हिंदूंनी मदत केली. हा अहवाल दशकानुदशके सरकारी कपाटात राहिला. २०१३ साली ए. जी. नूरानी यांच्या हैदराबादविषयीच्या पुस्तकात तो छापून आला, तोवर त्यातली बहुतेक बोलणारी माणसे अल्लाहला प्यारी झाली होती.

या विषयावर मोहल्ल्यात विचारले तर बहुधा शांतता मिळते. एखादी आजी म्हणते, ‘जाने दो बाबा, गये दिनां.’ मग तरुण मंडळी चिडतात. ‘तुम्ही बोलला नाहीत म्हणून आमचा इतिहास कोणाला कळला नाही,’ असे म्हणतात. काही जण तर या मौनाला भित्रेपणा ठरवून मोकळे होतात.

आमचे म्हणणे असे आहे की दोन मौनांत गल्लत होता कामा नये. सरकारने अहवाल दडवला ते मौन आणि आजीने तोंड मिटले ते मौन, ही एका जातीची नाहीत. सरकारपाशी माहिती होती ती रयतेची होती. तिच्यावर सरकारचा मालकी हक्क नव्हता. ती दडवणे हा अन्यायच होता. आजीपाशी जे आहे ते तिच्या अंगावरून गेलेले आहे. ते सांगायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. शिवाय ती जिथे राहिली तिथेच तिला पुढची सत्तर वर्षे काढायची होती. त्याच बाजारात भाजी घ्यायची होती, त्याच आडावर पाणी भरायचे होते. जे हैदराबादला गेले, कराचीला गेले, ते मोकळेपणी बोलू शकले. जी मागे राहिली, तिने न बोलून मोहल्ला पुन्हा उभा केला. त्या मौनाच्या पायावर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, शिकल्या. ते मौन मोडायला आपण निघालो असू, तर निदान त्याची किंमत कोणी दिली हे ध्यानात ठेवून निघावे.

यावर कोणी म्हणेल, मग सत्याचे काय? सूरह निसामध्ये तर न्यायावर ठाम राहून साक्ष द्यायला सांगितले आहे, मग ती स्वतःच्या, आई-बापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. आणि सूरह हुजुरात दुसरीकडून बजावते की लोकांच्या खासगी गोष्टींचा शोध घेत फिरू नका, पाठीमागे निंदा करू नका. बुजुर्गांच्या आठवणी लिहिणारा माणूस या दोन आज्ञांच्या मधोमध उभा असतो. सगळे उघडे करावे तर ऐबपोशीला धक्का लागतो. सगळे झाकावे तर न्यायाला.

वाट काढायची कशी? आम्हाला एक कसोटी उपयोगी वाटते. एखादी गोष्ट वगळताना स्वतःला विचारावे : या झाकण्याने कोणाची लाज राखली जाते आहे? दुबळ्याची की जबरदस्ताची? पळवून नेलेली आणि नंतर परत आलेली बाई, तिचे नाव, तिचे घर झाकले तर दुबळ्याची लाज राखली जाते. हा पडदा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. ती बाई हयात नसली तरीही, कारण तिच्या लेकी-नाती त्याच गावात असतात. पण मोहल्ल्यातल्या मोठ्या घराने बहिणींना वारशातला शरियतने दिलेला हिस्सा दिला नाही, ही गोष्ट ‘समाजाची बदनामी नको’ म्हणून गाळली, तर ती ऐबपोशी होत नाही. ती जबरदस्ताची चाकरी होते.

ही कसोटी आपल्याच घरात अधिक जाचते. मुस्लिम मोहल्ल्याच्या आठवणी म्हणून जे छापले जाते त्यात बाहेरच्यांनी केलेला अन्याय असतो. आतला क्वचित असतो. मशिदीत एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे लोक सोयरिकीच्या वेळी बिरादरी कशी पाहत होते, मेहतर, फकीर, शिकलगार यांच्या पोरांना कोणत्या ओट्यावर बसू दिले जात नव्हते, तीन शब्दांत घराबाहेर पडलेली बाई पुढे कोणाच्या शेतात निंदणीला जात होती, हेही बुजुर्गांना आठवते. विशेषतः बायकांना आठवते. त्यांना विचारणारे कमी असतात. ‘बुजुर्ग’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओट्यावर बसलेला दाढीवाला पुरुषच येतो. चुलीपाशी बसलेली ऐंशी वर्षांची खाला येत नाही. आणि ती बोलू लागली की बैठकीतून आवाज येतो, ‘तुला काय कळते?’ मोहल्ल्याचा अर्धा इतिहास या एका वाक्याने आजवर बुडवला आहे.

आम्ही या सगळ्यासाठी एकच शब्द सुचवतो : अमानत. हा शब्द आपल्या घराघरांत आहे. हजला जाणारा माणूस शेजाऱ्याकडे दागिने ठेवून जातो, तेव्हा शेजारी त्यांचा मालक होत नाही. तो ते अंगावर घालून मिरवत नाही, वितळवत नाही, आपल्या कर्जापोटी गहाण ठेवत नाही. मागितले की जसेच्या तसे परत देतो. अमानत तिच्या हक्कदाराला परत करा, हा तर सूरह निसामधलाच हुकूम आहे. आठवण ही अशी ठेव आहे असे मानले, तर लिहिणाऱ्याची कर्तव्ये आपोआप स्पष्ट होतात.

पहिले असे की भर घालू नये. बुजुर्ग दखनीत बोलले तर दखनीतच लिहावे. तिला लखनवी उर्दूचा मुलामा देऊ नये आणि पुण्याच्या मराठीचाही नको. त्यांना जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असेच लिहावे. रिकामी जागा आपल्या वाचनाने भरू नये.

दुसरे असे की कोणी कोणाकडून ऐकले ते नोंदवावे. याबाबतीत आपल्यामागे केवढी मोठी परंपरा आहे! हदीसचा मजकूर, म्हणजे मत्न, सांगण्याआधी तो कोणाकोणाच्या तोंडून आला त्याची साखळी, म्हणजे इस्नाद, सांगितली जाते. इसवी सन ८७० मध्ये निधन पावलेल्या इमाम बुखारींनी पुनरुक्ती धरून सात हजारांवर हदीस या शिस्तीने ग्रथित केल्या. या शास्त्राच्या जाणकारांनी तर म्हातारपणी ज्यांच्या स्मरणात सरमिसळ झाली अशा कथन करणाऱ्यांची वेगळी दखल घेतली. त्याला ‘इख्तिलात’ असे नाव दिले, आणि त्या माणसाने आधी सांगितलेले व नंतर सांगितलेले वेगळे केले. यात त्या वृद्धाचा अपमान नव्हता. त्याचा खरेपणा जपण्याची ती काळजी होती. मोहल्ल्याच्या आठवणी म्हणजे हदीस नव्हेत, त्यांची बरोबरी कोणी करू नये. पण ‘हे आजोबांनी स्वतः पाहिले’ आणि ‘हे त्यांनी मामूंकडून ऐकले’ एवढा फरक लिहून ठेवायला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

तिसरे कर्तव्य आजच्या काळात सर्वांत अवघड आहे. लिहिलेले सांगणाऱ्याला परत वाचून दाखवावे आणि नको म्हटले तर काढून टाकावे. पूर्वी वहीत लिहिलेली गोष्ट वहीत राहत होती. आता दीड तासाच्या बोलण्यातला दीड मिनिटाचा तुकडा कापून व्हॉट्सॲपवर टाकला जातो आणि संध्याकाळपर्यंत तो जिल्हाभर फिरतो. त्या तुकड्यात आजी कोणाचे तरी नाव घेते. त्याचा नातू आजीच्या नातवाच्या वर्गात असतो. जी कटुता आजीने आयुष्यभर गिळली ती एका दिवसात पोरांच्या तोंडात येते. हे धैर्य म्हणता येणार नाही. परक्याच्या ठेवीवर केलेली ही उधळपट्टी आहे. काही गोष्टी लिहून, बंद करून, वीस-तीस वर्षांनी उघडण्यासाठी ठेवता येतात. सत्य त्याने मरत नाही. माणसे मात्र सुरक्षित राहतात.

एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. ज्या समाजाला उठता-बसता पुरावा मागितला जातो त्याला असे अलिप्त ऐकणे परवडते का? २०२३ साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद धुंडाळले. ज्या उर्दूला आपण मोडीत काढले होते, तिचे वाचक अचानक मोलाचे झाले. जुन्या कागदाचे आणि जुन्या माणसाचे मोल कधी वाढेल ते सांगता येत नाही. मग आठवणींचा पुरावा म्हणून उपयोग का करू नये?

आमचे उत्तर असे. एखाद्याचे नागरिकत्व, त्याची या मातीशी असलेली निष्ठा ही त्याच्या दादीच्या स्मरणशक्तीवर टांगली जाणे हाच मुळी अन्याय आहे. त्या अन्यायाशी कायद्याने, राजकारणाने, संघटनेने लढले पाहिजे. ती लढाई दादीच्या खाटेवर आणून ठेवू नये. आणि दुसरे, पुरावा म्हणून गोळा केलेली आठवण पुरावा म्हणूनही कच्ची निघते. समोरच्याला तिची शिवण दिसते. सुंदरलाल यांच्या अहवालाला आज वजन आहे ते आकड्यांमुळे आहेच. पण त्यांनी रझाकारांचे अत्याचारही लिहिले, नंतरची कत्तलही लिहिली आणि जीव वाचवणारे विणकरही लिहिले, यामुळे अधिक आहे. कोणाची बाजू मांडण्यासाठी निवडून घेतलेले ते बोलणे नव्हते. अमानत म्हणून नीट जपलेली आठवण एखाद्या दिवशी पुराव्याच्या कामी येईलही. पण तिला तसे वजन येते ते ती त्या कामासाठी वाकवलेली नसते म्हणून.

म्हणून आमची विनंती इतकीच आहे. या रमजाननंतरच्या सुट्टीत, उरुसाला गावी जाल तेव्हा, घरातल्या आणि शेजारच्या बुजुर्गांपाशी जरूर बसा. शेजारी हिंदू आजोबा असतील तर त्यांच्यापाशीही बसा. मोहल्ल्याच्या आठवणी मोहल्ल्याच्या वेशीबाहेरही राहतात. प्रश्नांची यादी नेली तरी चालेल, पण ती खिशात राहू द्या. पहिला प्रश्न एवढाच असावा : ‘तुम्हाला काय सांगावेसे वाटते?’ कदाचित ते दंगल सांगणार नाहीत, भाईचाराही सांगणार नाहीत. मेलेल्या बैलाबद्दल सांगतील, लहानपणी गेलेल्या बहिणीबद्दल सांगतील, निजामाच्या काळात शाळेत मिळालेल्या बक्षिसाबद्दल सांगतील. तेच लिहा. समाज म्हणून आपल्याला काय सिद्ध करायचे आहे ते आपण आपल्या कामाने सिद्ध करू. त्यांनी आयुष्यभर पुष्कळ सिद्ध केले आहे. उरलेल्या दिवसांत त्यांना कोणाची तरी साक्ष देण्याऐवजी आपली गोष्ट सांगता यावी, एवढे आपण त्यांचे देणे लागतो.